चार आकड्यांत किडनीच्या नलिकांचा हिशेब

‘गाळलेल्या सोडियमपैकी प्रॉक्सिमल नलिकेत ६५ टक्के परत, हेन्लेच्या पाशात २५ टक्के, उरलेलं पुढे’ एवढं पाठ केलं की परीक्षेत मार्क पडतात. पण समोर कुणाचा खरा लॅब रिपोर्ट ठेवून विचारलं, की या माणसाच्या किडनीने गाळलेल्या पाण्यापैकी किती परत घेतलं, तर पाठांतराची गाडी तिथेच अडते. खरं तर हा हिशेब गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे जात नाही. रक्तातलं क्रिएटिनिन आणि सोडियम, लघवीतलं क्रिएटिनिन आणि सोडियम, एवढे चार आकडे हवेत, आणि पुण्यातल्या कुठल्याही बऱ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ते मिळतात. अकरावी-बारावीचे, नीटची तयारी करणारे, बीएस्सी आणि एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी, शिवाय घरातल्यांचे रिपोर्ट नीट फाइलला लावून ठेवणारे जिज्ञासू, यांच्यासाठी ही पद्धत आहे. तिच्यावरून घरी निदान करायचं नाही. ते डॉक्टरांचं काम.

आधी जमेची बाजू: गाळलं किती?

निरोगी प्रौढ माणसाच्या दोन्ही किडन्या मिळून मिनिटाला सुमारे १२५ मिली. द्रव गाळतात. दिवसाचे १८० लिटर झाले. ऑफिसात येतात ते २० लिटरचे पाण्याचे जार घेतले तर नऊ जार. अंगात प्लाझ्मा असतो फक्त ३ लिटरच्या आसपास, म्हणजे तोच प्लाझ्मा दिवसभरात साठेक वेळा गाळला जातो. लघवी मात्र होते दीड लिटर.

आता विरघळलेल्या पदार्थांचं पाहा. रक्तातलं सोडियम लिटरला १४० मिलिमोल धरलं तर १८० लिटरमध्ये २५,२०० मिलिमोल. मिठाच्या वजनात सांगायचं तर जवळपास दीड किलो. दिवसभरात आपण खातो ते मीठ साधारण ८-१० ग्रॅम. ग्लुकोज १०० मिग्रॅ. प्रति डेसिलिटर असेल तर १८० ग्रॅम गाळलं जातं आणि लघवीत जवळपास शून्य उतरतं. बायकार्बोनेट ४,३०० मिलिमोल गाळलं जातं, तेही जवळजवळ सगळं परत येतं. युरिया मात्र साधारण निम्मा बाहेर जातो.

सगळं गाळून बाहेर काढायचं आणि मग कामाचं तेवढं परत उचलायचं, ही पद्धत वरवर उधळपट्टीची वाटते. पण तिचा फायदा मोठा आहे. शरीराने आधी कधी न पाहिलेला एखादा लहान रेणूही गाळणीतून आपोआप पडतो. त्याला बाहेर काढायला वेगळी यंत्रणा लागत नाही. हे अनुमानाने नव्हे, तर प्रत्यक्ष सुई घालून दिसलं. १९२४ साली वर्न आणि रिचर्ड्स यांनी फिलाडेल्फियात बेडकाच्या किडनीच्या गाळणीतून अगदी सूक्ष्म काचनळीने द्रव खेचला. त्यात साखर सापडली, पण त्याच बेडकाच्या मूत्राशयातल्या लघवीत ती नव्हती. मधल्या नलिकेने ती परत घेतली होती.

मोजपट्टी: क्रिएटिनिन

क्रिएटिनिन हा स्नायूंमधून रोज ठरावीक प्रमाणात बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ. गाळणीतून तो मोकळा जातो आणि नलिका त्याला परत घेत नाही. नलिकेतून पाणी निघून गेलं की क्रिएटिनिन तिथेच राहतं आणि त्याची तीव्रता वाढते. शंभर पट वाढली, तर शंभर भाग पाण्यातला एकच भाग उरला. सगळा हिशेब या एका वाक्यावर उभा आहे.

शिल्लक पाणी (टक्के) = रक्तातलं क्रिएटिनिन ÷ लघवीतलं क्रिएटिनिन × १००

सोडियमसाठी एक पायरी जास्त:

शिल्लक सोडियम (टक्के) = (लघवीतलं सोडियम ÷ रक्तातलं सोडियम) ÷ (लघवीतलं क्रिएटिनिन ÷ रक्तातलं क्रिएटिनिन) × १००

डॉक्टर या दुसऱ्या आकड्याला फेना म्हणतात. सोडियमच्या जागी युरिया, पोटॅशियम, फॉस्फेट, काहीही घाला. सूत्र तेच राहतं.

सोडवलेलं उदाहरण घेऊ. ८० किलोचा निरोगी पुरुष. रक्तात क्रिएटिनिन १.०, लघवीत १२० मिग्रॅ. प्रति डेसिलिटर. रक्तात सोडियम १४०, लघवीत १०० मिलिमोल प्रति लिटर.

पाणी: १ ÷ १२० म्हणजे ०.८३ टक्के उरलं, ९९.१७ टक्के परत गेलं. सोडियम: १०० ÷ १४० = ०.७१४, त्याला १२० ने भागून १०० ने गुणलं की ०.६ टक्के. म्हणजे ९९.४ टक्के सोडियम परत गेलं. पडताळा करून बघा: १२५ मिली. भागिले १२० म्हणजे मिनिटाला १.०४ मिली. लघवी, दिवसाची दीड लिटर. तिच्यात १५० मिलिमोल सोडियम, म्हणजे पावणेनऊ ग्रॅम मीठ. रोजच्या जेवणात गेलेलं मीठ ते हेच.

नमुना घेताना

लॅबच्या काउंटरवर नुसतं ‘युरिन टेस्ट’ म्हणालात तर ‘युरिन रूटीन’ करून हातात देतील. त्यात रंग, साखर, प्रथिनं, पेशी असतात. आपल्याला हवे ते दोन आकडे नसतात. ‘स्पॉट युरिन सोडियम’ आणि ‘स्पॉट युरिन क्रिएटिनिन’ असं स्पष्ट सांगा. घरात कुणी मधुमेही असेल आणि त्यांचा एसीआरचा (लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराचा) रिपोर्ट असेल, तर लघवीतलं क्रिएटिनिन त्यात बहुधा आधीच छापलेलं असतं. पाण्याचा हिशेब तेवढ्यावर होतो, अट एवढीच की त्याच दिवसाचं सीरम, म्हणजे रक्तातलं, क्रिएटिनिनही हवं.

सकाळची पहिली लघवी रात्रभर साठून दाट झालेली असते. तिच्यावरून रात्रीचा हिशेब लागतो, दिवसाचा नाही. म्हणून दुसऱ्या वेळची घ्या, सुरुवातीची थोडी सोडून मधली धार. रक्त त्याच तासाभरात द्या. रक्त सोमवारी आणि लघवी गुरुवारी, असं झालं तर आकडे एकमेकांशी बोलत नाहीत. आदल्या रात्री मटणावर ताव मारलेला नको. शिजवलेल्या मांसातलं क्रिएटिनिन रक्तातला आकडा काही तास वर नेतं. जिमवाल्यांनी क्रिएटिन पावडर घेत असल्यास तसं नोंदवून ठेवावं.

एककं तपासा. दोन्ही क्रिएटिनिन मिग्रॅ. प्रति डेसिलिटरमध्ये हवीत. एखादा रिपोर्ट मायक्रोमोलमध्ये आला तर ८८.४ ने भागा. सोडियमसाठी मिलिइक्विव्हॅलंट आणि मिलिमोल एकच. युरियाच्या बाबतीत मात्र घोळ होतो: कुठे ‘युरिया’ छापतात, कुठे ‘बीयूएन’, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन. बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया मिळतो. रक्ताचा एक आणि लघवीचा दुसरा घेतला तर उत्तर दुपटीने चुकतं.

कोणता भाग काय उचलतो

हाच हिशेब लिटरमध्ये मांडला की नलिकेचे भाग डोक्यात पक्के बसतात. १८० लिटरपैकी प्रॉक्सिमल नलिका सुमारे ११७ लिटर उचलते, उरले ६३. हेन्लेच्या पाशाची उतरती बाजू आणखी २७ लिटर घेते, उरले ३६. पुढचा निर्णय डिस्टल नलिका आणि कलेक्टिंग डक्टच्या हातात.

प्रॉक्सिमल नलिकेच्या पेशीला दोन तोंडं आहेत, एक नलिकेच्या पोकळीकडे आणि एक रक्ताकडे. रक्ताकडच्या बाजूला सोडियम-पोटॅशियम पंप बसलेला असतो. तो ३ सोडियम बाहेर फेकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. ऊर्जेचा मुख्य खर्च इथे होतो. पेशीत सोडियम कमी पडलं की पोकळीतलं सोडियम आत घुसतं आणि येताना ग्लुकोज, अमिनो आम्लं, फॉस्फेट यांना बरोबर घेऊन येतं. हायड्रोजनशी अदलाबदल करूनही ते आत येतं. त्याच वाटेने ८० टक्क्यांहून जास्त बायकार्बोनेट वाचवलं जातं. पदार्थ गेले की पाणी ॲक्वापोरिन-१ च्या छिद्रांतून मागोमाग जातं. ॲक्वापोरिनच्या शोधासाठी पीटर ॲग्री यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

विद्यार्थी हमखास अडखळतात ते इथे: ६५ टक्के सोडियम गेलं, तर नलिकेतल्या द्रवातलं सोडियम १४० वरून ४९ वर यायला हवं ना? नाही येत. पाणीही त्याच प्रमाणात गेलेलं असतं, म्हणून तीव्रता १४० च राहते. कमी होतं ते आकारमान. क्रिएटिनिनचं गुणोत्तर मात्र इथे जवळपास ३ झालेलं असतं. सोडियमची तीव्रता पाहून पुनर्शोषण झालं की नाही हे कळत नाही, मोजपट्टी सोबत लागते, ती यासाठी.

पेशीतून बाहेर पडलेलं सगळं भोवतालच्या केशवाहिन्या ओढून घेतात. गाळणीत पाणी गमावून आलेलं हे रक्त प्रथिनांनी दाट झालेलं असतं आणि त्याचा दाबही उतरलेला असतो, त्यामुळे ओढ आतल्या दिशेने राहते.

हेन्लेच्या पाशात दोन बाजूंचे स्वभाव उलटे. उतरती बाजू पाणी जाऊ देते, चढती जाड बाजू पाण्याला अजिबात वाट देत नाही आणि मीठ मात्र उपसते: एक सोडियम, एक पोटॅशियम, दोन क्लोराइड असा एकत्र. गाळलेल्यापैकी २५ टक्के सोडियम इथे जातं. परिणाम दोन होतात. वर निघालेला द्रव पातळ होतो, सुमारे १०० मिलिऑस्मोलपर्यंत (हे विरघळलेल्या कणांचं माप). आणि किडनीचा आतला गाभा खारट होत जातो, टोकाशी १,२०० पर्यंत. या खारटपणात युरियाचा वाटाही मोठा आहे. लॅसिक्स, म्हणजे फ्युरोसेमाइड, हाच उपसा बंद पाडतं. म्हणून ते घेतल्यावर लघवी पुष्कळ होते, पण धड दाटही होत नाही आणि धड पातळही.

डिस्टल नलिका ५ टक्के सोडियम घेते, तिथे थायझाइड गटातल्या बीपीच्या गोळ्या काम करतात. कलेक्टिंग डक्टकडे उरतात दोन-तीन टक्के. हा आकडा पुस्तकात किरकोळ दिसतो. पण २५,२०० चे अडीच टक्के म्हणजे ६३० मिलिमोल, जवळपास ३७ ग्रॅम मीठ! दिवसभरात खातो त्याच्या चौपट. ॲल्डोस्टेरॉन हे संप्रेरक या एवढ्याशा वाट्यावर ताबा ठेवून अंगातलं मीठ सांभाळतं. व्हेसोप्रेसिन हे दुसरं संप्रेरक कलेक्टिंग डक्टच्या पेशींमध्ये ॲक्वापोरिन-२ ची छिद्रं बसवतं किंवा काढून घेतं. छिद्रं बसली की पाणी खारट गाभ्याकडे निघून जातं. व्हेसोप्रेसिनच नसेल, किंवा लिथियमसारख्या औषधाने नलिका त्याला दाद देईनाशी झाली, तर लघवी दिवसाला २० लिटरच्या घरात जाऊ शकते. क्रिएटिनिनचं गुणोत्तर तेव्हा जेमतेम ९ असतं.

मे महिन्यात सिंहगड

वरचाच माणूस मे महिन्यात उशिरा आतकरवाडीतून सिंहगड चढला, बरोबर पाण्याची एकच लहान बाटली. दुपारी खाली आल्यावर लघवीत क्रिएटिनिन ३०० आणि सोडियम २०. रक्तातले आकडे जवळपास तेच. पाणी: १ ÷ ३०० = ०.३३ टक्के शिल्लक. सोडियम: ०.०५ टक्के. मिनिटाला ०.४२ मिली., म्हणजे तासाला २५ मिली. लघवी. व्हेसोप्रेसिनने पाणी धरून ठेवलं, ॲल्डोस्टेरॉनने मीठ.

यापेक्षा खाली फारसं जाता येत नाही. रोज साधारण ६०० मिलिऑस्मोल कचरा बाहेर टाकावाच लागतो आणि लघवी १,२०० च्या पुढे दाट होत नाही. म्हणजे अर्धा लिटर लघवी जाणारच. आषाढी वारीत दिवे घाट चढणाऱ्या, बीपीसाठी थायझाइड घेणाऱ्या वारकऱ्यांचा प्रश्न यातून कळतो: नलिका मीठ धरायला बघते आणि गोळी ते सोडायला लावते. अशांनी निघण्यापूर्वी डोसबद्दल डॉक्टरांना विचारलेलं बरं. गोळी मनाने बंद करू नये.

एक टक्क्याचा नियम कुठे लावायचा

फेना १ टक्क्याहून कमी म्हणजे नलिका ठणठणीत पण रक्तपुरवठा कमी, २ टक्क्यांहून जास्त म्हणजे नलिकांना इजा, हा नियम प्रसिद्ध आहे. तो फक्त क्रिएटिनिन अचानक वाढलेलं असताना आणि लघवी कमी झालेली असताना लावायचा. जुलाबांनी कोरडा पडलेला रुग्ण: रक्त-क्रिएटिनिन २, लघवीतलं १६०, सोडियम १४० आणि १४. उत्तर ०.१३ टक्के. नलिकांना इजा झालेला: क्रिएटिनिन ४ आणि ६०, सोडियम १३६ आणि ६८. उत्तर ३.३ टक्के, आणि पाणीही ६.७ टक्के शिल्लक. परत घ्यायची ताकद गेली आहे.

पण जुनी किडनी-दुर्बलता असलेल्या माणसाला हा नियम लावू नका. गाळण्याचा वेग मिनिटाला २० मिली.वर आला तर दिवसाला गाळले जातात २८.८ लिटर, सोडियम ४,०३२ मिलिमोल. जेवणातलं मीठ तेच, १५० मिलिमोल. ते बाहेर काढायचं तर ३.७ टक्के सोडावेच लागतील. उरलेल्या नलिका इथे चोख काम करत आहेत. आकडा मोठा दिसतो तो भाजक लहान झाल्यामुळे. आमच्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत जास्त गैरवापर होणारी जागा हीच.

साखरेचं गणित

ग्लुकोज उचलणाऱ्या वाहकांची कमाल मर्यादा पुरुषांत मिनिटाला सुमारे ३७५ मिग्रॅ. रक्तातली साखर ४०० असेल तर गाळली जाते १.२५ डेसिलिटर × ४०० = ५०० मिग्रॅ. त्यातली १२५ लघवीत, दिवसाला १८० ग्रॅम. ही साखर नलिकेतलं पाणी धरून ठेवते, म्हणून मधुमेह बेताल झाला की लघवीला सारखं जावं लागतं आणि तहान भागत नाही.

गणिताप्रमाणे साखर ३०० ला पोचल्यावरच गळायला हवी. प्रत्यक्षात ती १८० च्या आसपास दिसू लागते. लाखो नेफ्रॉन (एक गाळणी आणि तिची नलिका मिळून एक नेफ्रॉन) एकसारखे नसतात. ज्यांची गाळणी मोठी आणि वाहक कमी ते आधी ओसंडतात. आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर रक्तातली साखर ११० असतानाही लघवी तपासायच्या पट्टीवर साखर भरपूर दिसणार. या गोळ्या प्रॉक्सिमल नलिकेतला मुख्य वाहकच अडवतात. रिपोर्ट पाहून घाबरण्याआधी गोळ्यांचं पाकीट पाहा. उलट, व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्या घेतल्या असतील तर साखर असूनही पट्टी कोरी राहू शकते.

पाणी पिऊन पाहायचा प्रयोग

प्रॅक्टिकलमध्ये करण्याजोगा. हृदय, किडनी, यकृताचा आजार किंवा लघवीची गोळी चालू असलेल्यांनी करू नये. कुणीही एका वेळी एक लिटरच्या वर जाऊ नये.

मूत्राशय रिकामं करा, तो नमुना ‘शून्य’ म्हणून ठेवा. १५-२० मिनिटांत एक लिटर साधं पाणी प्या. मग दर अर्ध्या तासाने लघवी मोजपात्रात घ्या, आकारमान आणि पट्टीवरची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता) लिहा, चार तास. पहिल्या अर्ध्या तासात फारसं काही घडत नाही. रक्तातलं आधीचं व्हेसोप्रेसिन ओसरायला आणि छिद्रं आत ओढली जायला वेळ लागतो. तास-दीड तासाला लघवी मिनिटाला १० मिली.च्या आसपास जाते आणि ग्रॅव्हिटी १.०२० वरून १.००३ पर्यंत उतरते. १.०१० म्हणजे प्लाझ्माइतकीच दाट, हे लक्षात ठेवा.

जमलं तर शून्याचा आणि कमाल धारेचा नमुना लॅबला द्या. आपल्या माणसाचं लघवीतलं क्रिएटिनिन तेव्हा साधारण १२.५ होईल, सोडियम १०. शिल्लक पाणी ०.८३ वरून थेट ८ टक्के. शिल्लक सोडियम मात्र ०.५७, जवळपास होतं तेवढंच. कलेक्टिंग डक्ट पाणी आणि मीठ यांचे निर्णय वेगवेगळे घेते, हे याहून स्वच्छ कुठेच दिसत नाही. एक लिटर सलाइन प्यायलं तर ही लाट येत नाही, कारण रक्त पातळच होत नाही. त्यात ९ ग्रॅम मीठ असतं, त्यामुळे हा दुसरा भाग घरी करायच्या भानगडीत पडू नका.

कुठे गंडतं

लॅसिक्स किंवा थायझाइड घेतलेल्या दिवशीचा फेना वाचू नका. गोळीने सोडलेलं मीठ तुम्ही नलिकेच्या माथी माराल. तेव्हा युरियाचा हिशेब मांडा: अचानक बिघाडात ३५ टक्क्यांहून कमी शिल्लक असेल तर कोरडेपणाकडे कल. ट्रायमेथोप्रिम असलेलं अँटिबायोटिक रक्तातलं क्रिएटिनिन वाढवतं, कारण थोडं क्रिएटिनिन नलिका स्वतः पोकळीत सोडत असते आणि हे औषध तेवढी वाट बंद करतं. या स्रावामुळेच क्रिएटिनिनवरून काढलेला गाळण्याचा वेग खऱ्यापेक्षा १०-२० टक्के जास्त दिसतो.

२४ तासांची लघवी गोळा करणार असाल तर सकाळी सातची लघवी टाकून द्या, तिथून घड्याळ सुरू. दुसऱ्या दिवशी सातची कॅनमध्ये धरा. शौचाला गेल्यावरची हमखास निसटते. कॅन थंड जागी ठेवा. शेवटी एकूण क्रिएटिनिनला वजनाने भागा. पुरुषात किलोमागे साधारण २० ते २५ मिग्रॅ. आणि स्त्रीत १५ ते २० अपेक्षित असतं, वयस्करांत त्याहून कमी. साठ किलोच्या तरुणाच्या कॅनमध्ये ५०० मिग्रॅ.च भरलं, तर निम्म्याहून जास्त लघवी दुसरीकडे गेली आहे. तो कॅन रिकामा करा आणि पुन्हा सकाळी सातपासून सुरुवात करा.